दर शनिवारी दुखणारं पोट

गेल्या उन्हाळ्यात महिनाभर बोस्टनजवळ दादाकडे राहिलो होतो. पुतण्या अकरा वर्षांचा, बेसबॉलचा वेडा. एका शनिवारी सकाळी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, जरा याचं पोट बघता का? दर शनिवारी दुखतं."

तपासलं. पोट मऊ, ताप नाही, उलटी-जुलाब नाहीत. रविवार ते शुक्रवार तक्रार नाही. शनिवारी सामना असतो, आणि मागच्या तीन सामन्यांत त्याची बॅट चेंडूला लागलीच नव्हती. मैदानावर जाताना गाडीत मीच त्याला बजावत असे, "आज तरी चेंडू नीट बघ. मागच्यासारखं नको."

त्या संध्याकाळी दादाने मला बॅटिंगच्या सरावाच्या पिंजऱ्यात उभं केलं. कॉलेजात क्रिकेट खेळलेला मी! यंत्राने टाकलेल्या वीस चेंडूंपैकी दोनच लागले. रात्री हिशोब मांडला. मोठ्यांच्या खेळात गोलंदाज 60 फूट 6 इंचांवर उभा असतो. ताशी 150 किलोमीटर वेगाचा चेंडू सुमारे 0.4 सेकंदात पोहोचतो. पाहून हालचाल सुरू करायलाच साधारण 0.2 सेकंद लागतात, बॅट फिरवायला आणखी 0.15. शेवटच्या काही फुटांत तर डोळे चेंडूचा पाठलाग करूच शकत नाहीत. मेंदू अंदाज बांधतो. मुलांसाठी अंतर 46 फूट आणि वेग कमी, पण विचार करत बसायला वेळ त्यांनाही नसतो.

अशा वेळी मनात भीती असली की अॅड्रिनलिन वाढतं, मूठ आवळते, खांदे ताठरतात आणि बॅट उशिरा येते. त्याच भीतीने पोटातही कळ येते. पोट खोटं बोलत नव्हतं.

बोस्टनचाच टेड विल्यम्स. 1941 च्या मोसमात त्याची सरासरी .406 होती. म्हणजे इतक्या थोर फलंदाजालाही दहापैकी जवळजवळ सहा वेळा अपयश! हे ऐकून पुतण्या बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, सहा वेळा?"

आम्ही तीनच गोष्टी ठरवल्या. चेंडूआधी सावकाश श्वास सोडायचा, मूठ सैल ठेवायची, गेलेल्या चेंडूबद्दल बोलायचं नाही. चौथी माझ्यासाठी: गाडीत गप्प बसायचं.

पुढच्या शनिवारी तो दोनदा चुकला. तिसऱ्यांदा चेंडू खणखणीत लागला आणि झेलला गेला. बाद होऊनही तो हसत परतला. पोटाचा विषय त्या दिवशी निघालाच नाही.

पालकांनो, मुलाचं पोट रात्री झोपेतून उठवण्याइतकं दुखत असेल, वजन घटत असेल, ताप, सततच्या उलट्या किंवा शौचातून रक्त असेल, तर डॉक्टरांना लगेच दाखवा. यांपैकी काही नसेल, तर दुखण्याचा वार पाहा. आणि आपण गाडीत काय बोलतो, तेही आठवा.