गोडी छाटणी

कल्याणच्या पुढे रूळ फुटतात. डावीकडचे शहाड, टिटवाळा करत कसाऱ्याला जातात आणि थळघाट चढून नाशिक गाठतात. उजवीकडचे वळतात आणि पहिल्यांदा विठ्ठलवाडीला थांबतात. माझं माहेर डाव्या फाट्यावर, निफाड तालुक्यात, सासर उजव्या. माहेराहून परतताना पंचवटी एक्सप्रेसमधून कल्याणला उतरायचं, पिशव्या सावरत जिना चढायचा आणि कर्जतची लोकल धरायची. ती एका स्टेशनाची लोकल मला नेहमी घाटापेक्षा लांब वाटते.

अशाच एका परतीत, २००८ च्या मे महिन्यात, माझ्या पिशवीत बाजरीच्या पिठाखाली टॉवेलात गुंडाळलेली एक बाटली होती. दादाने दिलेली. त्याच्या शेतातल्या द्राक्षांची वाइन.

द्राक्षं मला नवी नव्हती. आमची बाग थॉम्सनची. लहानपणी आम्ही सगळी भावंडं मांडवाखाली वाकून जी.ए.च्या, म्हणजे जिबरेलिक आम्लाच्या, पाण्यात एकेक घड बुडवत असू. मणी फुगावा, लांब व्हावा म्हणून. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा इतका खाली जाई की पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागत. वडील धुरात उभे राहून वेलींकडे बघत, तापलेल्या पोराच्या उशाशी बसल्यासारखे. वर्षातून दोन छाटण्या. एप्रिलची खरड छाटणी, काडी तयार होण्यासाठी. पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, फळासाठी. गोडी छाटणी हा शब्द मला आजही फार आवडतो. कापायचं, आणि त्यातून गोडी यायची.

राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ चं. विंचूरला वाइन पार्क झालं. त्याआधीच राजीव सामंतांनी नाशिकजवळ वाइनची द्राक्षं लावली होती, आणि नारायणगावला श्यामराव चौगुल्यांनी तर ऐंशीच्या दशकातच फेसाळती वाइन करून दाखवली होती. दादाने २००५ मध्ये दोन एकरांत वेली लावल्या, एक एकर शेनिन ब्लाँ, एक एकर शिराझ. मी पहिल्यांदा ते घड पाहिले तेव्हा हिरमुसले. बारके, घट्ट, जाड सालीचे, बियांचे मणी. ना जी.ए., ना फुगवण. दादा म्हणाला, "चव सालीत असते गं. मणी जितका लहान, तितकी साल जास्त." शिराझचा एक मणी तोंडात टाकला. आधी गोड, मग एकदम जीभ ओढली गेली. कच्च्या जांभळासारखी.

ती बाटली घरी आणली खरी, पण ठेवायची कुठे? सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. आषाढी-कार्तिकी, एकादशी, हरिपाठ. घरात कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद. मी बाटली माळ्यावर, जुन्या पितळी घंगाळात ठेवली आणि तीन आठवडे तिचं ओझं डोक्यावर घेऊन वावरले. शेवटी एका दुपारी निवडायला घेतलेली मेथी बाजूला सारून त्यांना सांगून टाकलं.

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुझ्या भावाच्या बागेतलंय ना? मग चोरून कशाला ठेवतेस? चोरून ठेवलं की त्याची दारू होते." आणि थांबून, "माझी भांडी मात्र वेगळी असू देत."

त्या संध्याकाळी नवऱ्याने आणि मी स्वयंपाकघरात उभ्यानेच ती बाटली उघडली. शेनिन होती. सासूबाई दारात आल्या, लांबूनच नाक वर केलं आणि म्हणाल्या, "पिकलेला पेरू कुणी आणला?" मी ग्लासात नाक घातलं. पेरूच होता! पुढे नाशिकला एका वाइनरीत चव दाखवणाऱ्या मुलीने अगदी हाच शब्द वापरला, तेव्हा मला सासूबाईंचा अभिमान वाटला.

तेव्हापासून मला वाटत आलंय की वाइन समजायला आपल्याला कुठे दूर जावं लागत नाही. जिभेवर सगळं आधीच आहे. सहा रसांत आपण तुरट मोजतो. आवळा, सुपारी, कच्चं केळं, जांभूळ, हिरडा, कोरा चहा जास्त उकळला तर तो. लाल वाइन जिभेला जे करते ते हेच, तुरटपणा. सालीतलं आणि बीतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं म्हणून तोंड कोरडं पडतं. पांढऱ्या वाइनचा आंबटपणा आपण कैरीत, कोकमात, चिंचेत वेगवेगळा ओळखतो. ज्या घरात आमसुलाचा आंबट आणि लिंबाचा आंबट यांवर वाद होतो, त्या घराला कोणत्या परीक्षेची भीती?

शिराझच्या वेळी सासूबाईंनी विचारलं होतं, "मिरी कुटलीस का?" ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्येच शोधून काढलं की शिराझच्या मिरीसारख्या वासामागे रोटंडोन नावाचं संयुग आहे, आणि तेच काळ्या मिरीतही असतं. हे मी फार उशिरा वाचलं. वाचलं तेव्हा त्यांना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग मी काय म्हणत होते?"

विठ्ठलवाडीत वाइन मिळवणं सोपं आहे आणि अवघडही. दुकानावर पाटी वाइन्सची, पण आत भिंतभर व्हिस्की, रम, बिअर. वाइन एका कोपऱ्यात, ट्यूबलाइटखाली, उकाड्यात उभी. मी दुकानदाराला मागच्या ओळीतली, सावलीतली बाटली मागते. सुरुवातीला आजूबाजूचे पुरुष वळून बघत. आता दुकानदार मला ताई म्हणतो. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हे लिहिणाऱ्याची खोली थंड देशातली होती. आमच्या खोलीत मे महिन्यात पस्तीस अंश. म्हणून लालसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायची, आणि पांढरी चांगली गारेगार. शनिवारी, शेवटची धुणी वाळत टाकून झाली की गॅलरीचा दिवा मालवायचा. खाली वालधुनी नदीकडून येणारा वारा काही सुगंधी नसतो, हे खरंच आहे. पण समोरून बदलापूरची लोकल खिडक्यांची माळ ओढत जाते आणि दिवसभराचं काहीतरी आतून सैल होतं. दोघांत दोन-दोन छोटे ग्लास. बाटलीतली उरलेली झाकण फिरवून फ्रिजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवायची.

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आम्ही ठाण्याला एका बऱ्यापैकी हॉटेलात गेलो. वेटरने घोटभर वाइन ओतली आणि थांबला. नवरा गोंधळला, त्याला वाटलं, आवडली की नाही ते सांगायचंय. मी हळूच म्हटलं, बाटली बिघडलेली नाही ना, एवढंच बघायचं असतं. दूधवाल्याकडून दूध घेताना वास घेतो तसं. त्याने वास घेतला, मान हलवली, आणि मग माझ्याकडे खूप वेळ बघत राहिला. तिथली वाइन घरच्यापेक्षा चांगली होती की नाही, आठवत नाही. काचेचा ग्लास पातळ होता, पांढरं कापड होतं, आणि कुणालाही वाढायला उठायचं नव्हतं. हॉटेलात आपण पैसे मोजतो ते या न उठण्याचे.

पण माझा खरा जीव फ्रिजमधल्या उरलेल्या पाव बाटलीत. कोळंबी साफ करून हळद-मीठ लावायची. तेलात ठेचलेला लसूण, एक मोडलेली हिरवी मिरची. लसूण सोनेरी झाला की कोळंबी, दोन मिनिटं, काढून घ्यायची. त्याच पॅनमध्ये अर्धी वाटी पांढरी वाइन. चर्र होतं, पॅनला चिकटलेलं सगळं सुटून येतं, वास घरभर. निम्मी आटली की कोळंबी परत, वरून कोथिंबीर आणि लोण्याचा एक गोळा. उल्हासनगरच्या बेकरीतला पाव बुडवून खायची. कोकमाचं काम इथे वाइन करते, शिवाय मसाल्यातलं जे पाण्यात उतरत नाही ते अल्कोहोलमध्ये उतरतं. मटणाला लाल: कांदा चांगला काळपट होईपर्यंत परतायचा, आमच्याकडचा काळा मसाला नेहमीपेक्षा निम्मा, एक वाटी शिराझ, आणि मंद आचेवर दीड तास. कुकर नको. मशरूम तर दहा मिनिटांत होतात.

भांडं स्टीलचं हवं. हेही मला कुणी शिकवावं लागलं नाही. कल्हई नसलेल्या पितळेत ताक ठेवलं की ते कळकतं, हे माहीत असलेल्या बाईला आम्लाचं वागणं कळतं. दुसरी गोष्ट मात्र वाचून कळली. शिजवल्यावर अल्कोहोल उडून जातं म्हणतात, ते पूर्ण उडत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात पंधरा मिनिटं उकळल्यावर चाळीस टक्के उरतं, तासानंतर पंचवीस, अडीच तासांनंतरही पाच. ते वाचल्या दिवसापासून वाइन घातलेली भाजी, 'नुसती चव आहे' म्हणून, सासूबाईंच्या ताटाजवळही नेली नाही. त्यांची भांडी वरच्या फळीवर, माझा पॅन खाली. दोन्हींचा मान सारखा.

२०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवू द्यायचं मंत्रिमंडळाने ठरवलं आणि गदारोळ झाला. वाइन म्हणजे दारू नव्हेच, असं काही जण तावातावाने म्हणाले. मला ते पटलं नाही. बारा-तेरा टक्के अल्कोहोल असलेली ती दारूच आहे. आमच्या चाळीत मी दारूने रिकामी झालेली दोन घरं पाहिली आहेत, त्यांतल्या बायकांना पहाटे पाणी भरताना पाहिलं आहे. शेतकऱ्याचं नाव पुढे करून त्यांच्यासमोर खोटं बोलायचं नाही. जे आहे ते नावाने ओळखावं, मोजून घ्यावं.

आणि शेतकऱ्याचं म्हणाल तर, २००९ च्या मंदीत दादाची द्राक्षं घेणाऱ्याने गाडी पाठवणंच बंद केलं. खायच्या द्राक्षाला भाव नसला तर बेदाणा करता येतो. वाइनच्या मण्याला बाजारात कुणी विचारत नाही. घड वेलीवर सुकले. पुढच्या वर्षी दादाने दोन्ही एकर उपटून पुन्हा थॉम्सन लावली. फोनवर एवढंच म्हणाला, "मुळं खोल गेली होती गं." त्या वेलींची शेवटची बाटली अजून माझ्याकडे आहे, त्याच घंगाळात. ती आता पिण्याजोगी नसणार. मी उघडत नाही.

परवा संध्याकाळी ग्लास घेऊन बसले होते. सासूबाई आता नव्वदीला टेकल्यात, दिसतं कमी. काठी टेकत आल्या, शेजारच्या खुर्चीत बसल्या, माळ ओढत राहिल्या. थोड्या वेळाने वास घेतला.

"कैरी?"

"हो आई. सोव्हिन्यों म्हणतात हिला."

"निफाडची?"

"दिंडोरीची."

"जवळच म्हणायचं." माळेचा एक मणी पुढे सरकला. "पाऊस थांबलाय ना तिकडे? दादाला फोन कर. गोडी छाटणी झाली का विचार."