कूलरमधलं पाणी

काशीला ब्रह्माघाटावर राहणाऱ्या मावशीला डेंग्यू झाला, म्हणून धावत गेलो. उशाशी बसून तिला जालन्याजवळच्या दावलवाडीची गोष्ट सांगितली. तिथं २०१७ मध्ये जनुक बदललेल्या एडिस डासांच्या चाचण्या जाळीबंद पिंजऱ्यांत सुरू झाल्या. हे सगळे नर. नर चावत नाही. मात्र त्याची संतती वाढण्याआधीच मरते.

"म्हणजे निर्वंशच की! अरे, काशीत बसून असं बोलतोस?" तापातही मावशी हसली.

माझी नजर खिडकीतल्या कूलरवर गेली. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. टाकीत अळ्या वळवळत होत्या! दावलवाडीच्या नरांची वाट कशाला पाहायची? पाणी गच्चीवर उन्हात ओतलं, टाकी घासून कोरडी केली. निर्वंशाचं तेवढं पाप काशीत मीच केलं.