पिवळं पान आणि औषधाची गोष्ट



जुलैत चार दिवसांची झड लागली की सगळीकडून एकच प्रश्न यायला लागतो, "सोयाबीन पिवळं पडलंय, काय मारू?" सोबत एखादा फोटो, तोही बांधावर उभं राहून घाईत काढलेला. दहा मिनिटांत उत्तरं हजर. अमकं टॉनिक मारा, तमकं बुरशीनाशक मारा, दोन्ही मिसळून मारा, माझं तर तीन दिवसांत हिरवंगार झालं. पण दादा, वरचं पान पिवळं का खालचं, एवढं मात्र कुणी विचारत नाही.

पिवळं सगळं सारखंच दिसतं, कारणं मात्र वेगळी. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. चुनखडीच्या रानात झडीनंतर हे हमखास दिसतं. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्राकडं बघा. झाड उपटून मुळावरची गाठ नखानं फोडा. आतून लालसर असली तर गाठी काम करतायत. पाणी साचून काळी पडली असेल तर मुळाला हवा नाही. पानावर हिरवे-पिवळे वेडेवाकडे चट्टे आणि खाली पांढरी माशी असेल तर तो मोझॅक. तो विषाणू आहे, त्या झाडाला औषध नाही. झाड उपटून नष्ट करायचं आणि माशी आवरायची. खोड उभं चिरून आत लालसर नागमोडी वाट दिसली तर खोडमाशी. आणि काही तणनाशकांनीही पीक काही दिवस पिवळं पडतं, मग आपोआप सावरतं.

आता सांगा, "पिवळं पडलंय, काय मारू" याला एका ओळीत खरं उत्तर कसं देणार?

तरी उत्तरं येतात, कारण माणसाजवळ उत्तर नसलं तरी गोष्ट असते. ख्रिस्तोफर बुकर नावाच्या इंग्रज लेखकानं २००४ साली एक जाडजूड पुस्तक काढलं. जगातल्या सगळ्या गोष्टी फिरून फिरून सात साच्यांत बसतात, असं त्याचं म्हणणं. राक्षस मारायचा, रंकाचा राव व्हायचा, कशाच्या तरी शोधात निघायचं, लांब जाऊन परत यायचं, गोंधळ होऊन शेवट गोड, शोकांतिका आणि माणसाचा पुनर्जन्म. सातच का, यावर विद्वानांनी भांडावं. आपल्या शेतीच्या बोलण्यात मला त्यातले दोनच जास्त दिसतात, राक्षस आणि रंकाचा राव. "अळी आली, मी हे मारलं, अळी खलास." "कर्जात होतो, अमकं पीक घेतलं, बंगला बांधला." यशोगाथा म्हणून जे छापून येतं ते दुसऱ्या साच्यातलं. त्यात पाण्याची सोय कुणाच्या पैशानं झाली, पहिली दोन वर्षं काय बुडालं, हे गाळलेलं असतं. खोटं कुणी बोलत नाही. साच्यात बसत नाही ते फक्त गळतं.

काय गळतं ते बघा. आमच्या शिवारातल्या एका पोरानं मागच्या हंगामात पिवळ्या सोयाबीनवर तीन औषधं एकत्र करून फवारली. पाच-सहा दिवसांत रान हिरवं झालं. त्यानं आधीचा-नंतरचा फोटो टाकला, बाटल्यांचाही टाकला. त्याच संध्याकाळी कृषी सेवा केंद्रावर त्या बाटल्या संपल्या. मी त्याच्या रानात गेलो होतो. वरच्या अंगाला चार तासं पंपातलं औषध संपल्यामुळं फवारायची राहिली होती. तीही तेवढीच हिरवी होती. मधल्या काळात उघडीप पडून वाफसा आला होता, बाकी काही नाही. त्याला दाखवलं तर म्हणाला, "काका, वाऱ्यानं उडालं असंल तिकडं." पोरगं हुशार आहे, पण गोष्ट सांगून झाली होती. आता ती सोडवत नव्हती.

त्या चार तासांची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण त्यात काही घडतच नाही. काही केलं नाही आणि पीक सुधारलं, हे ऐकायला कोण थांबणार? पण फवारणीचा खर्च वाचवायचा तर हीच गोष्ट हवी.

राक्षसाच्या गोष्टीनं याहून मोठं नुकसान होतं. २०१७ ला कापसात गुलाबी बोंडअळीनं घात केला तेव्हा पारावर एकच बोलणं, बियाणं बोगस निघालं. काही ठिकाणी निघालंही असेल. पण बीजी-२ मधल्या दोन्ही प्रथिनांना अळी सरावली होती. फरदड ठेवून आपण तिला उन्हाळ्यापर्यंत खायला घातलं. तेव्हा पाकिटासोबत येणारं बिगरबीटी बियाणं कडेनं लावायचं होतं, ते बऱ्याच जणांनी फेकून दिलं. कंपनी हाच एकटा राक्षस ठरला की फरदड मोडायचं काम कुणाच्याच डोक्यावर राहत नाही. शिव्या देऊन झाल्या, अळी रानातच.

कृषी विभागातले आणि विद्यापीठातले साहेब लोक हे वाचत असतील तर त्यांनाही एक सांगायचंय. "प्रादुर्भाव आढळून आल्यास एकात्मिक व्यवस्थापन करावे" या वाक्यात ना माणूस आहे ना रान. बाटलीच्या गोष्टीसमोर ते टिकत नाही. त्याऐवजी असं लिहा, की अमक्या गावात सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, म्हणून वीस हिरवी बोंडं फोडून बघितली, दोनांत अळी निघाली, मग फवारलं. ही पण गोष्टच आहे, पण हिच्यात आकडा गोष्टीच्या आत बसलेला आहे.

मला आवडलेला एक निरोप देतो. एका मावशींनी पाठवलेला, त्यांना विचारून टाकतोय:

"पेरणी २१ जून, केडीएस ७२६. खालची पट्टी, चुनखडी. सहा दिवस झड होती, काल उघडलं. वरची पानं पिवळी, शिरा हिरव्या, खालची बरी. खोड चिरलं, आत काही नाही. गाठी लाल. चढावरचं पीक हिरवं. तणनाशक मारलं नाही, खुरपलंय. थांबू का फवारू?"

यात दुखणं आहे, काय तपासलं ते आहे, आणि जिथं दुखणं नाही ती जागाही आहे. चढावरचं पीक हिरवं, या तीन शब्दांत अर्धं निदान झालं. उत्तर द्यायला मला दोन ओळी लागल्या: पाणी काढून द्या, वाफसा येऊ द्या, चार-पाच दिवसांत नवं पान पिवळंच आलं तर दहा लिटरला पन्नास ग्रॅम फेरस सल्फेट. त्यांना फवारायची गरज पडली नाही.

यंदा माझी पण खालची पट्टी पिवळी आहे. परवा निम्म्यात फेरस सल्फेट मारलं, निम्मी तशीच ठेवली, मधे खुंट्या ठोकून लाल चिंध्या बांधल्यात. रविवारी दोन्हीकडचे फोटो एकत्र टाकतो, फरक दिसला नाही तरी टाकतो. तुमच्यापैकी कुणी या आठवड्यात फवारणार असाल तर चार तासं सोडा आणि तारीख लिहून ठेवा.