मूळ पाठ आणि बदललेले भाग

जुन्या क्रोनोग्राफ घड्याळाचे मागचे झाकण उघडले, की संग्राहक पहिला प्रश्न विचारतो: यातले मूळचे किती? पाठचिकित्सेत काही वर्षे घालवलेल्या आम्हांला हा प्रश्न परका वाटत नाही.

'वाल्जू ७२' हे मशीन घेऊ. १९१६च्या 'वाल्जू २३'ला बारा तासांच्या मोजणीची जोड देऊन ते १९३८ साली सिद्ध झाले. ह्यूअर, रोलेक्स अशा अनेक कंपन्यांनी ते आपापल्या घड्याळांत बसवले. शोधाची खरी अडचण इथेच आहे. २३ आणि ७२ यांचे पुष्कळ भाग समाईक. एकाचे चक्र दुसऱ्यात निमूटपणे बसते आणि उत्तम चालते. तेव्हा चालणे हा पुरावा नव्हे.

पुरावा विसंगतीत असतो. तबकडीवर एका कंपनीचे नाव आणि ब्रिजवर दुसरीचे, ही झाली ढोबळ खूण. आरंभीच्या मशीनांत बॅलन्स व्हीलच्या कडेवर बारीक स्क्रू असत. पुढे गुळगुळीत कडेचे चक्र आले. चाळिशीच्या दशकातल्या मशीनवर असे चक्र दिसले, तर ते मागाहून आले असावे. त्याहून सूक्ष्म साक्ष झिजेची. कॉलम व्हीलच्या खांबांच्या कडा कोऱ्या आणि त्यांवर टेकणाऱ्या लीव्हरचे टोक मात्र झिजलेले, तर दोघांचे वय एक नाही. मुलाम्याची छटा, स्क्रूच्या खाचांवरचे ओरखडे हेही बोलतात. मुख्य स्प्रिंगबद्दल मात्र कोणी तक्रार करीत नाही, ती तुटायचीच.

रंगवलेल्या तबकड्यांच्या घड्याळांना जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणून हिणवतात. (हिणवणाऱ्यांनी आपापली झाकणेही एकदा उघडून पाहावीत.) लपवून विकणे ही लबाडीच; पण दुरुस्ती म्हणजे लबाडी नव्हे.

आमच्या मामांचे ७२ आमच्याकडे आले, तेव्हा त्यातले बॅलन्स व्हील मागाहून बसवलेले निघाले. झाकणाच्या आत कुणा कारागिराने सुईने तारीख कोरली होती: १२-३-८३. एका जाणकारांनी 'योग्य' चक्र मिळवून देण्याची तयारी दाखवली. किंमत पुष्कळ वाढेल, असेही सांगितले. पैशांची निकड होती, त्यामुळे नकार सोपा नव्हता. पण १९८३नंतर मामांच्या मनगटावर जो काळ गेला, तो याच चक्राने मोजला होता. महाभारताच्या भांडारकर आवृत्तीतही मुख्य संहितेतून वगळलेले श्लोक नाहीसे केलेले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले आहेत.

आम्ही चक्र राहू दिले. घड्याळाच्या डबीत एक कागद ठेवला आहे. कोणता भाग बदललेला आहे आणि तो कोणत्या खुणांवरून ओळखला, एवढेच त्यावर लिहिले आहे. गेल्या वर्षी तेल घातले, तेव्हा नव्या कारागिराने जुन्या तारखेखाली आपली तारीख कोरली.