गुणाकाराच्या पोटातील शून्ये

संख्यांच्या यादीचा गुणाकार करणारा प्रोग्राम चार-पाच ओळींत संपतो, आणि प्रोग्रामिंगच्या पाठ्यपुस्तकांत तो बहुधा बेरजेच्या प्रोग्रामपाठोपाठ, जणू चिन्ह तेवढे बदलायचे आहे अशा थाटात येतो; प्रस्तुत लेखकाला मात्र या प्रोग्रामने निरनिराळ्या काळी तीनदा शून्य हे उत्तर दिले, आणि तिन्ही वेळा यादीत शून्य नव्हते.

पहिले शून्य महाविद्यालयातले. तोवरचा गुणाकार ज्यात साठवत जायचा त्या चलाला, म्हणजे संचयकाला, आरंभीचे मूल्य द्यावे लागते. बेरजेचाच प्रोग्राम उतरवून अधिकाच्या जागी गुणिलेचे चिन्ह घातल्यामुळे लेखकाच्या संचयकात 0 तसाच राहिला. शून्याने गुणले की शून्यच येते हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते, पण पडद्यावर ते ओळखण्यात प्रॅक्टिकलचा अख्खा तास गेला. तेथे 1 हवा, कारण 1 हा गुणाकाराचा अविकारक, म्हणजे ज्याने गुणल्यास संख्या बदलत नाही असा घटक आहे. रिकाम्या यादीचा गुणाकारही म्हणूनच 1 मानतात: यादीचे दोन तुकडे करून त्यांच्या गुणाकारांचा गुणाकार केला, तर एक तुकडा रिकामा असला तरी उत्तर तेच यायला हवे. पायथन भाषेत 3.8 या आवृत्तीत, 2019 मध्ये, आलेले गुणाकाराचे तयार फंक्शनही रिकाम्या यादीला 1 च देते.

दुसरे शून्य अधिक कपटी होते. त्या काळी महाविद्यालयांत सर्रास चालणाऱ्या टर्बो सी या कम्पायलरमध्ये साधी पूर्णांक संख्या 16 बिटांत मावावी लागे, म्हणजे कमाल 32767; त्याहून मोठ्या गुणाकाराचे वरचे अंक मुकाट्याने गळून पडत आणि उरलेला भाग उत्तर म्हणून छापला जाई. त्यामुळे 1 ते 7 या यादीचे उत्तर 5040 असे बरोबर येई, तर 1 ते 8 चे 40320 ऐवजी उणे 25216. ऋण उत्तर पाहून चूक निदान लक्षात येते. पण 1 ते 10 चे उत्तर 24320 असे आले, जे धन होते, भरघोस दिसत होते आणि साफ चुकीचे होते. ते पकडले गेले ते ‘लीलावती’मुळे, हे येथे नोंदवणे अगत्याचे वाटते. 1150 च्या सुमारास रचलेल्या या ग्रंथाच्या अंकपाश प्रकरणात भास्कराचार्यांनी शंभूच्या दहा हातांतील दहा आयुधांची अदलाबदल करून किती मूर्तिभेद होतील असे विचारले आहे, आणि उत्तर 1 ते 10 च्या गुणाकाराइतके, 3628800, आहे. त्यानंतर लेखकाने यादी लांबवत नेली, तेव्हा 18 पर्यंत पोहोचताच पडद्यावर 0 उमटला: 1 ते 18 च्या गुणाकारात 2 हा अवयव नेमका 16 वेळा येतो, म्हणून द्विमान पद्धतीत त्याचे खालचे सोळाही अंक शून्य असतात.

तिसरे शून्य नोकरीतले. निकोप आणि नकोशा ईमेलची वर्गवारी करताना प्रत्येक शब्दाची संभाव्यता घेऊन त्यांचा गुणाकार करावा लागे. 0.01 अशा 200 संभाव्यतांचा गुणाकार 10 चा उणे 400 वा घात होतो, आणि 64 बिटांच्या दशांश संख्येला 10 च्या उणे 324 व्या घाताच्या आसपासच तळ लागतो; म्हणून दोन्ही वर्गांना 0 मिळे आणि तुलनाच उरत नसे. उपाय जुनाच, लॉगरिदमचा: गुणाकाराऐवजी लॉगांची बेरीज करायची, म्हणजे वरचे उत्तर उणे 921.03 असे सुटसुटीत येते. गंमत अशी, की संचयकात आता पुन्हा 0 हवा होता, आणि महाविद्यालयात पोळलेल्या हाताने तेथे 1 लिहिला होता.

तो सुधारल्यावर प्रोग्राम काही दिवस चालला आणि एका सकाळी मध्येच बंद पडला, कारण आधीच्या ईमेलांत एकदाही न आलेल्या एका शब्दाची संभाव्यता 0 होती आणि शून्याचा लॉग निघत नाही. या खेपेला शून्य यादीतच होते.