जाताना खाडीची वाट, येताना पाखाडी

कोकणातल्या मुसलमान घरांत ईदची तयारी रेल्वेच्या तिकिटापासून सुरू होते. आमचे कुटुंब मुंब्रा, पनवेल आणि कुवेत अशा तीन ठिकाणी विखुरलेले आहे. गाव मात्र सर्वांचे एकच. दापोली तालुक्यात, वाशिष्ठी नदीच्या खाडीकाठी, दाभोळच्या थोडे वर. आमच्या दादांच्या काळात लोक मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने दाभोळ बंदरात उतरत आणि तिथून होडीने घरी येत. पुढे एस. टी. आली, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाल्यापासून आमच्यासाठी खेड हे गावाचे दार झाले.

२०२५ सालची ईद आम्ही विसरणार नाही. त्या वर्षी अलविदा जुम्मा २८ मार्चला होता. जुम्म्याची नमाज मुंब्र्यात पढून रात्रीच्या गाडीने आम्ही निघालो. सहेरी गाडीतच झाली: खजूर, उकडलेली अंडी, घरून नेलेले पराठे आणि थर्मासमधला चहा. समोरच्या बाकावरचे एक वयस्कर गृहस्थ झोपेतून उठून मुलांना म्हणाले, "आवाज करा बिनधास्त, माझे स्टेशन जवळ आलेच आहे." खेडला उतरलो तेव्हा फटफटत होते. तिथून एस. टी.ने दापोली, दापोलीहून दाभोळच्या वाटेवरची गाडी. मार्चअखेरीस या रस्त्याला काजूच्या बोंडांचा आंबूस वास असतो. दोन्ही बाजूंना आंब्याच्या कलमांवर कैऱ्या लोंबत असतात आणि रोजा असलेल्या लहान मुलांची त्यामुळे फार परीक्षा होते.

घरी चाची एकटीच असते. चाचांच्या इंतकालनंतर सहा वर्षे तिने हे घर सांभाळले. जांभ्या दगडाच्या भिंती, मंगलोरी कौले, पुढे पडवी, मागे विहीर आणि अकरा माड. गेल्या पावसाळ्यापासून तिचे दोन्ही गुडघे धरले आहेत. ईद झाली की ऑपरेशनसाठी तिने मुंब्र्याला यायचे हे आधीच ठरले होते. ठरले नव्हते ते एवढेच, की तिच्या मागे घराचे काय करायचे. या प्रश्नाबद्दल प्रवासात कोणी बोलले नाही, पण तो सगळ्यांच्या सामानात होता.

पोहोचल्या दिवशी पहिले काम सांदणाचे. ज्यांनी कोकणी मुसलमानांचे सांदण खाल्लेले नाही त्यांच्यासाठी सांगतो: तांदळाचा जाडसर रवा, नारळाचे दूध आणि साखर यांचे पीठ फुगवून लहान वाट्यांत वाफवलेला हा पांढराशुभ्र, जाळीदार पदार्थ. गोड सांदण मलईबरोबर किंवा नारळाच्या दुधाबरोबर खातात. साखर न घातलेले मटणाच्या रश्श्याबरोबर. आमच्या हिंदू शेजाऱ्यांकडेही सांदण असते, पण ते फणसाच्या किंवा आंब्याच्या रसाचे. नाव एक, रवा एक, वाफवण्याची रीत एक. फरक आत काय घालायचे एवढाच.

पीठ फुगवायला पूर्वी माडी वापरत. भल्या पहाटे माडावरून उतरवलेला ताजा रस गोड असतो. ऊन चढू लागले की तो आंबू लागतो. जुन्या बायका पहाटेचा रस आणून लगेच पिठात घालत. मात्र ज्या आंबण्याने पीठ फुगते त्याच आंबण्याने नशाही चढते. म्हणून ईदच्या पदार्थात ही शंका तरी कशाला, असे म्हणत एकेका घराने माडी सोडली. आमच्या दादीनेही सोडली होती. तिने नारळाचे पाणी थोडी साखर घालून रात्रभर ठेवायची रीत धरली. चाची त्यात चिमूटभर यीस्ट घालते. "चव तीच येते, आणि मनाला खटका राहात नाही," असे ती म्हणते.

तिचे माप वहीत लिहून घ्यायचे आम्ही ठरवूनच आलो होतो. ते असे: जाडे तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून काढलेला रवा दोन वाट्या, तो दोन तास भिजवून निथळायचा. नारळाचे जाड दूध दोन वाट्या, साखर पाऊण वाटी, चवीला मीठ आणि पाव चमचा यीस्ट. पीठ इडलीच्या पिठापेक्षा किंचित सैल हवे. मार्चच्या उकाड्यात ते चार-पाच तासांत फुगते. वाट्यांना तुपाचा हात लावून निम्म्याच भरायच्या आणि झाकण न उघडता पंधरा मिनिटे वाफ द्यायची. लिहून घेणाऱ्या सुनेकडे बघून चाची हसली. "माप लिहिलेस ते बरे केलेस. पण पीठ कधी झाले ते वाटीला कळत नाही. कान जवळ ने, बारीक बुडबुड्यांचा आवाज येतो." आम्ही सगळ्यांनी आळीपाळीने पातेल्याला कान लावला. आवाज खरोखरच येत होता.

दुसरे दिवशी, रविवारी ३० मार्चला, गुढीपाडवा होता. खालच्या घरातल्या काकींच्या अंगणात सकाळीच गुढी उभी राहिली. आमचा एकोणतिसावा रोजा. हे त्यांना ठाऊक होते, म्हणून पाडव्याचे ताट त्यांनी दुपारी पाठवले नाही. मगरिबच्या थोडे आधी त्यांची नात पुरणपोळ्या, श्रीखंड आणि बटाट्याची भाजी घेऊन पायऱ्या चढून आली. "आजीने सांगितलेय, भाबींना सांग, पोळ्या गरम आहेत, रोजा सोडल्यावर आधी खा."

रोजा सोडून मुले पडवीत धावली. पश्चिमेला खाडी समुद्राला मिळते त्या बाजूला आकाश मोकळे होते आणि खाली, नखाएवढी बारीक, चंद्राची कोर दिसली. त्यांचा चैत्र अमावास्येनंतरच्या प्रतिपदेपासून सुरू होतो आणि आपला शव्वाल कोर दिसल्यावर. त्या वर्षी दोन्ही महिने एकाच नव्या चंद्राने आणले. सकाळी काकींचे वर्ष सुरू झाले, संध्याकाळी आमची चाँदरात. मुलांना हा हिशेब फार आवडला. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा १०-११ दिवसांनी लहान असते, त्यामुळे ईद दरवर्षी मागे सरकत सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येते. आठ-दहा वर्षांपूर्वी हीच ईद आम्ही जून-जुलैच्या धो धो पावसात केली होती. नवे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून ईदगाहपर्यंत नेले होते. २०३० साली ती फेब्रुवारीच्या सुरुवातीला, थंडीत येईल. "तेव्हा पीठ रात्रभर उबेत ठेवावे लागेल," चाची म्हणाली. वही घेऊन बसलेल्या सुनेने तेही लिहून ठेवले.

चाँदरातीला घरात कोणी झोपत नाही. एकीकडे सांदणाच्या वाट्या चढत-उतरत होत्या, दुसरीकडे शिरखुर्म्यासाठी खारका, बदाम, चारोळी भिजत होती. शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर, हे फारसी शब्द मुलांना त्याच रात्री कळले. पडवीत मेंदीचे कोन फिरत होते. नानखटाईचे पीठ दुपारीच मळून, पत्र्याच्या ट्रेमध्ये लावून दाभोळच्या बेकरीत नेले होते. घरचे तूप, घरचा मैदा, भट्टी त्यांची. तिथे आधीच अनेक घरांचे ट्रे रांगेत होते आणि आपला ओळखू यावा म्हणून प्रत्येकाने कोपऱ्याला वेगळ्या रंगाची चिंधी बांधली होती. आमची हिरवी. दर ईदला हिरवीच असते.

ईदच्या सकाळी गुसल करून, विषम संख्येत खजूर खाऊन, फित्रा देऊन घरातले पुरुष आणि मुले निघाली. ईदगाहला एका वाटेने जावे आणि दुसऱ्या वाटेने परतावे ही सुन्नत आमच्या गावाने फार नीट पाळली आहे. जाण्याची वाट खालची, खाडीच्या कडेने. डाव्या हाताला कांदळवन, चिखलात ओहोटीने टेकलेल्या होड्या, मधूनच उडणारा बगळा. तकबीर म्हणत माणसे एकेका घरातून बाहेर पडतात आणि रांगेला मिळतात. पलीकडच्या तीरावर गुहागर तालुक्याचे डोंगर दिसतात.

परतण्याची वाट वरची, जांभ्या चिऱ्यांच्या पाखाडीने. या पाखाडीवर मोहल्ल्यातली बहुतेक घरे आहेत. नमाजनंतर बायकाही येऊन मिळतात आणि प्रत्येक दारात सलाम करीत, थोडे बसत, दोन चमचे शिरखुर्मा खात आम्ही वर चढतो. इथल्या माणसांनी आधी जहाजांवर खलाशी म्हणून पोट भरले, मग १९७० नंतर आखाती देशांची वाट धरली. कौलारू घरांशेजारी संगमरवरी फरशीचे बंगले उभे राहिले. वर्षाचे अकरा महिने यांतल्या अनेक दारांना कुलपे असतात. ईदच्या दिवशी मात्र दारे उघडी, ओट्यावर चपलांचे ढीग आणि आतून वेलचीचा वास.

त्या वर्षी पाखाडीच्या वळणावरचे एक घर ईदलाही बंद होते. तिथली नानी दोन वर्षांपूर्वी अल्लाहला प्यारी झाली. त्यानंतर मुले आली नाहीत. एका पावसाळ्यात कौले सरकली, दुसऱ्यात वासे कुजले, आता माजघरात रामफळाचे झाड उगवले आहे. आम्ही सगळे तिथे क्षणभर थांबलो. चाची गुडघ्यांमुळे पाखाडी चढू शकत नव्हती, ती घरीच होती. ते एका परीने बरेच झाले.

दुपारच्या जेवणाआधी सांदणाची ताटे निघाली. पहिले काकींकडे, दुसरे खालच्या वाडीतल्या मासे देणाऱ्या मावशींकडे, तिसरे मुअज्जिनसाहेबांकडे. ताट रिकामे परत येत नाही ही इथली रीत. काकींकडून ओले काजूगर आले, मावशींकडून सुके बांगडे. रात्री काजूगर मटणात पडले.

बासी ईदला आम्ही दाभोळला गेलो. काळ्या दगडाची, मोठ्या घुमटाची आदिलशाही मशीद मुलांनी पहिल्यांदा पाहिली. विजापूरची शहजादी हजला निघाली होती, जाता आले नाही, म्हणून तिने बरोबरचे धन या मशिदीवर खर्चले, अशी कथा गावात सांगतात. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी याच बंदरातून परतीच्या जहाजात बसला होता. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीजांनी हे शहर लुटून जाळले. आज इथे फेरीबोटीची गर्दी आहे. मोटारी, स्कूटर, माणसे काही मिनिटांत पलीकडे धोपाव्याला उतरतात. एवढ्या मोठ्या बंदराचे लहान गाव झाले, तरी मशिदीत नमाज होते.

त्याच रात्री पडवीत सगळे बसलो आणि न बोललेला विषय निघाला. कुवेतहून फोनवर असलेल्या थोरल्या भावाचे म्हणणे होते की घर भाड्याने द्यावे, नाहीतर पर्यटकांसाठी खोल्या कराव्यात. धाकट्याला विकणेच व्यवहाराचे वाटत होते. दरवर्षीची कौलांची डागडुजी, वीजबिल, घरपट्टी कोणी भरायची? दोघांचेही चूक नव्हते. बराच वेळ वाद झाला. शेवटी चाची म्हणाली, "मी काही कायमची जात नाही. आणि गेले तरी घर माझ्यासाठी ठेवू नका. इथे यायचे असेल तर ठेवा. यायचे नसेल तर आत्ताच सांगा, मी काकींच्या मुलाला विचारते, निदान दिवा तरी लागेल."

यायचे नाही असे कोणालाच म्हणता आले नाही. मग वहीच्या मागच्या पानावर दुसरी यादी झाली. पावसाआधी कौले परतायची, खर्च तिघांत सारखा. मे महिन्यात पनवेलकरांनी पंधरा दिवस राहायचे, गणपतीच्या सुट्टीत मुंब्रेकरांनी, डिसेंबरात कुवेतहून जे येतील त्यांनी. मधल्या काळात किल्ली काकींकडे. आठवड्यातून एकदा दारे-खिडक्या उघडून हवा द्यायची आणि विहिरीचा पंप चालवायचा. त्याबद्दल नारळ त्यांचे. पैशाची गोष्ट काढताच काकी रागावल्या होत्या, नारळांवर राजी झाल्या.

निघताना चाचीने सांदणाच्या पंचवीस पितळी वाट्या घासून, फडक्यात बांधून सुनेच्या हातात दिल्या. सुनेने त्या घेतल्या नाहीत. फळीवर परत ठेवल्या आणि म्हणाली, "चाची, या इथेच राहू देत. मुंब्र्याला स्टीलच्या वाट्या आहेत."

चाचीचे ऑपरेशन नीट झाले, अलहम्दुलिल्लाह. मे महिन्यात कौले परतून झाली. ज्या वाचकांची गावाकडची घरे अशीच कुलपांच्या वाटेवर आहेत, त्यांना आम्ही एवढेच सुचवू: ईदच्या गर्दीत एक रात्र काढून सगळ्यांनी एकत्र बसा. कौलांचा खर्च, राहण्याच्या तारखा आणि किल्ली कोणाकडे, या तीन गोष्टी कागदावर आल्या की निम्मे भांडण संपते. आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडून एका तरी पदार्थाचे माप लिहून घ्या, तिच्या शेजारी बसून, पीठ फुगेपर्यंत.