सदऱ्यावरचा ड्रॅगन

सुरत हे कापडाचे शहर आहे, हे येथील मुलांना सांगावे लागत नाही. त्यांतील कित्येकांच्या घरी कापडच भाकरी आणते. मुलांचे खेळाचे सदरे छापणाऱ्या एका कारखान्यात काम करणाऱ्या गृहस्थांचा मुलगा माझ्या वर्गात आहे. खेळाच्या तासाला त्याच्या छातीवर कधी ज्वाळा ओकणारा ड्रॅगन असतो, कधी लाथ उगारलेला कराटेवीर, तर कधी कमरेपाशी चक्क छापलेला काळा पट्टा! छपाईत किंचित सरकलेले हे सदरे वडिलांना अल्प मोलात मिळतात.

या छपाईची रीत मोठी मौजेची आहे. चित्र प्रथम कागदावर उतरते. मग कागद व कापड सुमारे २०० अंश सेल्सिअस उष्णतेत एकत्र दाबले, की रंगाची वाफ होऊन ती धाग्यात शिरते. मात्र धागा पॉलिएस्टरचा हवा. सुती कापडात हा रंग टिकत नाही.

आणि ज्युदोचा अंगरखा तर जाड सुताचा! जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत कोदोकान ही ज्युदोची शाळा स्थापिली. या विद्येत प्रतिस्पर्धी अंगरखाच मुठीत धरून आपणांस भुईवर फेकतो. म्हणून तो दणकट हवा. त्यावर ड्रॅगन नसतो. शिकणाऱ्याची पायरी सांगतो तो कमरेचा पट्टा. आपल्या तालमीतही मल्लाचा लंगोट, आमच्या कोकणीतली काश्टी, कोराच. मारुतीराय असतात ते कोनाड्यात. मुलांना ड्रॅगन आवडावा यात मला काही गैर वाटत नाही. छापलेला काळा पट्टा मात्र मला रुचत नाही. तो वर्षानुवर्षे घाम गाळून बांधावयाचा असतो.

गतवर्षी या मुलाने ज्युदो शिकण्याचा हट्ट धरला. अंगरख्याविना गादीवर उभे राहता येणार नाही, असे तेथील शिक्षकांनी बजावले. घरात ड्रॅगनचे सात सदरे. पण एक कोरा सुती अंगरखा विकत घेण्याची ऐपत नव्हती.

“बाई, सदरा उलटा करून घातला तर चालेल का?” त्याने मला विचारले.

अखेर त्याच्या आईने दुहेरी मांजरपाटाचा अंगरखा शिवला. पहिला आठवडा त्याला केवळ पडावयास शिकविले. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी खांद्याला धरून फेकले आणि शिवण उसवली. त्याच रात्री आईने ती पुन्हा घातली, घरात होता त्या लाल दोऱ्याने.